वॅक्स टिकत नाही? दुसरा हात देण्याआधी बॉनेटवर तांब्याभर पाणी ओता

गोव्यात फोंड्याला आमची गाड्या धुण्याची आणि पॉलिश करण्याची छोटी शेड आहे. तिथे वर्षभर एक तक्रार फिरून फिरून येते. "वॅक्स लावलं, पहिले पंधरा दिवस पाणी अळवाच्या पानावरून पळावं तसं पळत होतं. महिन्या-दीड महिन्यात सगळं गेलं." मग माणूस डबा बदलतो, आधीपेक्षा महाग काहीतरी आणतो, अर्धा रविवार खर्ची घालून ते लावतो आणि दीड महिन्याने पुन्हा तिथेच येऊन उभा राहतो.

मलाही हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. करंजाळ्याला समुद्राच्या तोंडावर राहणारे एक काका आहेत, त्यांची करड्या रंगाची सेदान. ज्या डब्यातलं सीलंट, म्हणजे वॅक्सचंच काम करणारं कृत्रिम पॉलिमर, मी त्यांच्या गाडीला लावलं, त्याच डब्यातलं समुद्रापासून दूर आत वाळपईला राहणाऱ्या एका शिक्षकांच्या गाडीलाही लावलं होतं. शिक्षकांच्या गाडीवर पाच महिने उलटले तरी पाणी थांबत नव्हतं. काकांच्या गाडीवर सहा आठवड्यांत ते चादरीसारखं पसरायचं. "अरे, तुझं औषध माझ्याच गाडीला का लागत नाही?" असं ते विचारायचे आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. दोनदा मी जुना थर जालीम साबणाने उतरवून नवा हात दिला. तिसऱ्या वेळी ते घाईत होते, मुलीला आणायला दाबोळीला निघाले होते. म्हटलं, "काका, आज नुसती धुऊन देतो, पुढच्या आठवड्यात सावकाश या." साध्या शॅम्पूने धुतली, पाणी मारलं आणि बघत राहिलो. बॉनेटभर टपोरे मणी. सीलंट कुठेही गेलं नव्हतं. ते झाकलं गेलं होतं. आधीच्या दोन्ही वेळी मी जिवंत थर खरवडून काढला होता आणि त्याचे पैसेही घेतले होते. ते पैसे मी काकांना परत केले. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये एक नियम आहे: पाण्याची चाचणी झाल्याशिवाय कुणाच्याही गाडीला नवा हात द्यायचा नाही.

झाकला गेला म्हणजे काय

पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कशी पाझरते, ते गोव्यात कुणाला सांगायला नको. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. आपल्या किनाऱ्यावर वर्षातल्या बहुतेक रात्री आर्द्रता त्याहून जास्त असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण गाडीवर बसतात, रात्री ओले होतात, दिवसा सुकतात, त्यात रस्त्यावरची तेलकट धूळ मिसळते. हळूहळू वॅक्सवर पाण्याला ओढून घेणारा एक पापुद्रा तयार होतो. वॅक्स पाण्याला ढकलतं, पण पाण्याची गाठ वॅक्सशी पडतच नाही, या पापुद्र्याशी पडते. म्हणून ते पसरतं.

मिरामार, करंजाळे, कोलवा, मोरजी अशा ठिकाणी हा पापुद्रा काही आठवड्यांत धरतो. रोज फेरीबोटीने दिवाडी किंवा चोडणला जाणाऱ्यांच्या गाड्यांवरही मी तो पाहिला आहे. एप्रिल-मे महिन्यांत मांडवीचं पाणी वरपर्यंत खारं झालेलं असतं. आत सत्तरीत, सांग्यात मीठ कमी, पण तिथे जांभ्याची तांबडी माती आणि चिऱ्यांच्या ट्रकांची पूड असते. ती दिसते तरी. मीठ दिसत नाही, त्यामुळे गाडी स्वच्छ वाटते आणि संशय वॅक्सवर जातो.

चाचणी अशी करा

गाडी सावलीत उभी करा, पत्रा हाताला गार लागू द्या. न धुता बॉनेटवर तांब्याभर पाणी ओता आणि ते कसं वागतं ते बघा. मग साध्या, न्यूट्रल कार शॅम्पूने गाडी नीट धुवा, खळखळून पाणी मारा आणि पुन्हा तांब्याभर ओता. शॅम्पू निवडताना एक काळजी घ्या. "वॉश अँड वॅक्स" प्रकारचा शॅम्पू वापरू नका. तो स्वतःच पाणी ढकलणारा पातळ थर मागे ठेवतो, म्हणजे जुनं वॅक्स आहे की नाही ते कळतच नाही.

धुतल्यावर मणी परत आले तर तुमचं वॅक्स जिवंत आहे. काहीही लावू नका. तुमची अडचण धुण्याची आहे, तिच्याकडे खाली येतो.

धुतल्यावरही पाणी सपाट पसरलं तर दोन शक्यता उरतात. थर खरोखर संपला आहे, किंवा शॅम्पूने न निघणारं काहीतरी चिकटलं आहे. यातलं कोणतं ते हाताने कळतं. हातावर एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि ओल्या पत्र्यावरून हलकेच बोटं फिरवा. पिशवीमुळे बोटांना बारीकसारीक खरखरही जाणवते. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर थर संपला आहे, नवा लावा. बारीक रवा पसरल्यासारखं लागलं तर आधी ते काढायला हवं.

बऱ्याच गाड्यांत तिसरंच चित्र दिसतं: दरवाज्यांवर मणी टपोरे आणि बॉनेट, छत, डिकी सपाट. आडव्या पत्र्यावर ऊन सरळ पडतं, पाणी साचतं, पक्षी बसतात. दारांना यातलं फारसं काही सोसावं लागत नाही. अशा वेळी सगळी गाडी नव्याने करायची गरज नाही, त्या तीन भागांनाच हात द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि मणी दिसले नाहीत म्हणजे थर संपलाच, असंही मानू नका. काही सीलंट मुद्दाम असे बनवलेले असतात की त्यांच्यावर पाणी मणी न धरता एका झटक्यात खाली सरकून जातं. तुमचं तसं असेल तर मणी शोधू नका, ओतलेलं पाणी किती लवकर पत्रा सोडतं ते बघा.

धुण्यात काय चुकतं

आपल्याकडे वॅक्सचा खरा वैरी धुण्याच्या बादलीत असतो. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण चरबी काढण्यासाठी बनलेले आहेत. वॅक्स त्यांच्या दृष्टीने चरबीच. रस्त्याकडेच्या बऱ्याच वॉशिंग सेंटरांत जो पांढराशुभ्र फेस मारतात तो बहुधा तीव्र अल्कलीचा असतो. ट्रकाचा चिखल तो दोन मिनिटांत सोडवतो आणि कार्नुबा मेणाच्या वॅक्सचा थर चार धुण्यांत. काही ठिकाणी धुतल्यावर डिझेलचा फवारा मारून गाडी "चमकवतात". कृपया तो मारू देऊ नका. डिझेल वॅक्स विरघळवतं, रबर फुगवतं, वर धूळ धरून ठेवतं.

धुण्याची पद्धत थोडक्यात: आधी नुसतं पाणी, भरपूर, म्हणजे तांबडी माती सुटून जाईल. मातीवर कोरडा फडका फिरवणं म्हणजे रंगावर पॉलिश पेपर फिरवणं. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) दर वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शॅम्पूत बुडवायचा. छतापासून खाली यायचं, चाकांकडचा भाग शेवटी, आणि चाकांसाठी वेगळं कापड. किनाऱ्यावर राहत असाल तर आठवड्यातून एकदा नुसत्या गोड्या पाण्याचा मारा द्या, शॅम्पू नाही लावला तरी चालेल. मीठ पाण्यात विरघळतं, ते साचू दिलं नाही म्हणजे झालं. काकांना मी एवढंच सांगितलं. ते शनिवारी सकाळी बागेला पाणी घालताना गाडीलाही घालतात.

हाताला खरखर लागते तेव्हा

मडगाव रेल्वे स्टेशनवर रोज गाडी लावून जाणारे लोक पांढऱ्या गाडीवरचे नारिंगी ठिपके दाखवतात आणि घाबरून विचारतात, "पत्रा आतून गंजतोय का?" नाही. रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेक यांतून उडालेला लोखंडाचा बारीक चुरा क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुततो आणि तिथेच गंजतो. आपल्या स्वतःच्या ब्रेकमधूनही तो उडतोच. यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. गार पत्र्यावर फवारला की लोखंडाला भिडून जांभळा होतो, काही मिनिटांनी धुऊन टाकायचा. अंगावर सुकू देऊ नका. वास उग्र असतो, मोकळ्या हवेत करा आणि हातमोजे घाला.

त्यानंतरही खरखर उरली तर क्ले बार, म्हणजे पत्र्याला चिकटलेले कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी. शॅम्पूचं पाणी भरपूर मारत, जोर न लावता, सरळ रेषेत फिरवायचा. घासायचा नाही, घसरवायचा. क्ले मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर काढा. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या, कितीही नवा असला तरी, कारण त्यात रुतलेला एक खडा सगळ्या दरवाज्यावर ओरखडा काढून जातो. क्लेबरोबर जुनं वॅक्सही निघतं, तेव्हा क्ले केला की नवा थर द्यावाच लागतो. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, यापलीकडे क्ले नको. क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, माणसाच्या केसापेक्षा कमी. क्लेने किंवा पॉलिशने जे जातं ते परत भरून येत नाही.

पाण्याचे पांढरे गोल

ही तक्रार वॅक्स नीट टिकलेल्या गाड्यांवर जास्त येते, म्हणून लोक गोंधळतात. वॅक्समुळे पाण्याचे मणी होतात, मणी उन्हात जागच्या जागी आटतात, आणि पाण्यात विरघळलेले क्षार गोल वळं करून मागे राहतात. दोष पाण्यात आणि उन्हात आहे. धुतल्यावर गाडी वाऱ्यावर सोडून आत चहाला गेलात की हे होणारच. पत्रा ओला असतानाच जाड मायक्रोफायबरने टिपून घ्या.

आमच्या बोअरवेलच्या पाण्यात लोह आहे, त्यामुळे आमचे डाग पिवळट पडायचे. शेवटचा मारा चांगल्या पाण्याने दिला की निम्मी कटकट संपते. आणि चांगलं पाणी गोव्यात घरोघरी फुकट गळत असतं: एसीच्या नळीतून. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आपल्या दमट हवेत एका रात्रीत बादलीभर सहज जमतं. फडक्यातून गाळून घ्या आणि शेवटी हलक्या हाताने गाडीवरून सोडा. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणीही चालतं, पहिल्या एक-दोन सरी कौलं धुऊन गेल्यानंतरचं. याउलट आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी काही घरांत गाडीसाठी साठवतात. पाणी वाया जाऊ नये ही भावना मला पटते, पण त्यात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते लादी पुसायला वापरा.

पडलेले डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. फडका भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, उचला, भरपूर पाण्याने धुवा. सावलीत, गार पत्र्यावर. याने तिथलं वॅक्स कमजोर होतं, मग तेवढ्या जागी पुन्हा लावा. व्हिनेगरने डाग न हलता नखाला खळगा जाणवला तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्ला आहे. तिथे कोणतंही वॅक्स उपयोगाचं नाही, पॉलिशच करावं लागेल, आणि तेही जाणत्याच्या हातून.

लावताना: उमस आणि दंव

डब्यावरच्या सूचना कोरड्या हवेसाठी लिहिलेल्या असतात असं मला नेहमी वाटतं. "दहा मिनिटं थांबा" असं लिहिलेलं असतं. जुलैत फोंड्याला दहा मिनिटांत काही होत नाही. थर ओलाच असतो, पुसायला गेलं की फराटे उमटतात आणि माणूस म्हणतो माल खराब आहे. घड्याळ बाजूला ठेवा आणि बोट फिरवून बघा. वॅक्सवरून बोट ओढल्यावर मागे स्वच्छ चकचकीत रेघ राहिली तर पुसायला घ्या. चिकट, धुरकट रेघ उमटली तर थांबा. दमट दिवशी अर्धा तासही लागतो.

फराटे पडण्याचं दुसरं आणि त्याहून मोठं कारण म्हणजे जाड थर. जास्त लावलं म्हणजे जास्त टिकेल, ही समजूत मोडायला मला सर्वांत जास्त बोलावं लागतं. रंगाला जेवढं धरून ठेवता येतं तेवढंच राहतं, उरलेलं तुम्ही फडक्याने पुसून टाकता. एका हॅचबॅकला २० ते ३० मिलिलिटर द्रव सीलंट पुरतं. ॲप्लिकेटरवर (लावायच्या स्पंजवर) चार थेंब घेऊन अर्धं बॉनेट. लावल्यावर तिरपं बघितल्याशिवाय दिसू नये इतकं पातळ. पडलेले फराटे काढायचे तर त्याच वॅक्सचा अगदी पातळ हात तिथे फिरवा, खालचं मऊ होतं, आणि लगेच स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. पुसायला दोन फडके ठेवा, एक उचलायला आणि एक शेवटच्या चमकेला.

वेळेचा प्रश्न थंडीत जास्त येतो, आणि इथेच बरेच जण फसतात. डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते म्हणून संध्याकाळी अंगणात बसून सीलंट लावतात आणि गाडी तिथेच उघड्यावर ठेवतात. रात्री छत आणि बॉनेट आकाशाकडे तोंड करून उष्णता सोडतात, हवेपेक्षाही गार होतात, आणि पहाटे गाडीवरून दंवाचे ओघळ वाहत असतात. बहुतेक सीलंटना पक्कं व्हायला १२ ते २४ तास कोरडे लागतात. ते त्याआधीच भिजलं. सकाळी बघावं तर छतावर धुरकट ढग. म्हणून आमच्याकडे सीलंट सकाळी साडेनऊच्या पुढे, दंव पूर्ण वाळल्यावर आणि पत्रा कोरडा झाल्यावर लावतो आणि त्या रात्री गाडी छपराखाली ठेवायला सांगतो. छप्पर नसेल तर निदान झाडाखाली, दंव कमी पडतं. झाड कोणतं ते मात्र बघा.

जानेवारी-फेब्रुवारीत मोहोरलेल्या आंब्याखाली लावू नका. मोहोरावरचे तुडतुडे गोड चिकट द्रव सोडतात, तो काचांवर आणि रंगावर बारीक थेंबांनी बसतो आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. कोमट पाण्याने आणि शॅम्पूने तो निघतो, आठवडाभर राहिला तर निघता निघत नाही. फणसाचा चीक, काजूच्या बोंडूचा रस, वटवाघळांची विष्ठा, सगळ्यांना एकच उपाय: ओला फडका पाच मिनिटं ठेवून मऊ करा आणि उचलून घ्या. चोळू नका. पक्ष्यांच्या विष्ठेला तर एप्रिलच्या उन्हात एक दुपारही देऊ नका. तापलेला क्लिअर कोट मऊ होऊन पसरतो, तिच्यातलं आम्ल आत जातं आणि गार झाल्यावर डागाचा ठसा कायम राहतो. वॅक्स इथे थोडा वेळ मिळवून देतं, एवढंच.

मग घ्यायचं काय

कार्नुबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. मेणांत सर्वांत कठीण, ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारं. शुद्ध कार्नुबा दगडासारखं असतं, हाताने लावताच येत नाही. म्हणून प्रत्येक डब्यात तेलं, सॉल्व्हंट आणि मऊ मेणं मिसळलेली असतात आणि ती उष्णता तेवढी सोसत नाहीत. काळ्या गाडीचं बॉनेट मे महिन्यात ६०-७० अंशांवर सहज जातं. माझ्या अनुभवात निव्वळ कार्नुबा मार्च ते मे आपल्याकडे महिना-सव्वा महिना टिकतं. पण काळ्या, गडद तांबड्या रंगाला त्याने जी खोली येते ती मला अजून दुसऱ्या कशात दिसलेली नाही. लावायची आवड असेल, हातात वेळ असेल, तर आनंदाने लावा.

सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर. चमक थोडी काचेसारखी, थंड. टिकतं जास्त, आपल्याकडे नीट धुतलं तर चार महिने धरून चाला. ज्यांना वर्षातून दोनदाच हे काम करायचं आहे त्यांना मी सीलंटच सांगतो. दोन्ही हवं असेल तर आधी सीलंट, दिवसभर पक्कं होऊ द्या, वर कार्नुबा. उलट केलंत तर सीलंट रंगाला न धरता मेणावर बसतं आणि मेणाबरोबर निघून जातं.

सिरॅमिक स्प्रे म्हणून जे मिळतं त्यात सिलिकॉन डायऑक्साइडचा थोडा अंश असतो. धुतल्यावर दर महिन्याला ओल्या गाडीवर मारून पुसायचं. खालच्या सीलंटला ते चांगली साथ देतं. पूर्ण सिरॅमिक कोटिंग हा वेगळा विषय, खर्चाचा. त्याबद्दल एवढंच की जाहिरातीतला "नऊ एच" हा पेन्सिलीच्या कठीणपणाचा आकडा आहे, त्याने किल्लीचा ओरखडा थांबत नाही. आणि क्षारांचे डाग कोटिंगवरही पडतात, कधी कधी अधिक हट्टी.

एक प्रकार मात्र ओळखून ठेवा: "क्लीनर वॅक्स" किंवा "थ्री इन वन". त्यात रंग घासणारे बारीक कण आणि ओरखडे भरणारी तेलं असतात. पहिल्या दिवशी गाडी नवी दिसते. चार धुण्यांत तेलं निघतात आणि "ओरखडे परत आले" म्हणून फोन येतो. ते कुठे गेलेच नव्हते. पॉलिश रंगाचा थर झिजवून ओरखडा काढतं, वॅक्स वरून पांघरूण घालतं. दोन्ही कामं एकाच बाटलीने होतील अशी अपेक्षा ठेवू नका.

मॅट रंगाला यातलं काहीच लावायचं नाही, त्याचे वेगळे सीलंट मिळतात. अपघातानंतर नवा रंग मारला असेल तर पेंटरला विचारून निदान महिनाभर थांबा, काही रंगांना दोन-तीन महिने लागतात. आत अडकलेला सॉल्व्हंट बाहेर पडायचा असतो. काळ्या प्लास्टिकवर वॅक्स लागून पांढरट झालं असेल तर पातळ केलेला ऑल-पर्पज क्लीनर आणि मऊ टूथब्रश. पुढच्या वेळी आधीच मास्किंग टेप लावा. आणि खालच्या पत्र्याला, दारांच्या आतल्या कडांना लागणारा गंज वॅक्सने थांबत नाही. त्यासाठी अँटी-रस्ट कोटिंग हे वेगळं काम आहे, किनाऱ्यावरच्या गाड्यांनी ते टाळू नये.

आमचं वर्ष

मेच्या मध्याला एक थर, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागायच्या आत. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. त्या काळात नवा थर लावण्याच्या भानगडीत पडू नका. पक्कं व्हायला कोरडा दिवस मिळत नाही. फक्त धुवा, खिडक्यांच्या रबरावर धरणारं शेवाळ ब्रशने काढा, आणि ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. आत कोंडलेली वाफ रंगाला पांढरी करते. दुसरा थर चवथ उलटून पाऊस ओसरला की, दसऱ्याच्या निदान दोन दिवस आधी. पूजेचं हळदकुंकू बॉनेटवर ओलं बसलं की रंगात शिरतं, खासकरून पांढऱ्या गाड्यांच्या. खाली ताजं सीलंट असेल तर दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर वाहून जातं.

काकांच्या गाडीला गेल्या ऑक्टोबरात हात दिला होता. मार्चमध्ये ते आले तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तांब्या ओतला. दारं, डिकी, छत, सगळीकडे मणी. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात मात्र कावळ्याच्या विष्ठेचा तळहाताएवढा ठसा आहे, चार दिवस ते बेळगावला असताना पडलेला. तो पॉलिशशिवाय निघणार नाही. मेमध्ये तेवढाच कोपरा पॉलिश करून सगळ्या बॉनेटला नवा थर द्यायचं ठरलं आहे. बाकी गाडीला हात लावायचा नाही.